गावभागातल्या स्टुडिओच्या एसएसडीसाठी हीटसिंक: कामाच्या नोंदी

८ एप्रिल २०२५, मंगळवार

सांगलीच्या गावभागातल्या फोटो स्टुडिओच्या ताईंचं मशीन आज विश्रामबागेतल्या आमच्या दुकानात आलं. तक्रार अशी: सकाळी सगळं झटपट, पण संध्याकाळी लग्नाचं फोर-के फुटेज उघडून एडिटिंगला बसलं की तासाभरात टाइमलाइन अडखळते आणि बॅकअपची कॉपी रेंगाळते. "भाऊ, एसएसडी बदलून टाका, पण अक्षय्य तृतीयेच्या आत द्या," असं ताईंचं म्हणणं. अक्षय्य तृतीया ३० तारखेला. त्या दिवशी त्यांच्याकडे एकापाठोपाठ एक कार्यं आहेत.

आतली एसएसडी (डेटा साठवणारी चिप्सची ड्राइव्ह) सॅमसंग ९८० प्रो, एक टीबी, हीटसिंकशिवायची, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी नसलेली. ग्राफिक्स कार्डाच्या बरोबर खालच्या एम.२ स्लॉटमध्ये (मदरबोर्डावरच्या एसएसडीच्या खाचेत) बसवलेली. या मदरबोर्डला फक्त वरच्या स्लॉटवर कंपनीची पट्टी आहे, इथे काहीच नाही.

बदलायचं बोलण्याआधी स्मार्ट नोंद, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, वाचली. ड्राइव्हचं आयुष्य भरपूर शिल्लक, चुकांची नोंद शून्य. पण इशाऱ्याच्या तापमानाच्या वर घालवलेल्या मिनिटांचा आकडा चांगलाच चढलेला. या ड्राइव्हची इशाऱ्याची पातळी ८२ अंश आणि अतिधोक्याची ८५ अंश आहे. हा मिनिटांचा आकडा पुसता येत नाही, त्यामुळे तक्रार खरी की वाटण्यातली हे त्यावरून लगेच कळतं. दुकानात जुनी एसएसडी विकत घेतानाही मी हाच आकडा आधी बघतो.

ताईंना फोन करून सांगितलं, ड्राइव्ह चांगली आहे, पैसे घालवू नका.

१० एप्रिल, गुरुवार

हीटसिंक शोधायच्या आधी एक गोष्ट पक्की करायची होती: वेग पडतो तो उष्णतेमुळेच का?

कारण वेग पडायचं दुसरंही कारण असतं, आणि बरेच जण त्यावर हीटसिंक घेऊन पैसे वाया घालवतात. टीएलसी प्रकारच्या (मेमरीच्या एका पेशीत तीन बिट ठेवणाऱ्या) ड्राइव्हमध्ये काही जागा एसएलसी कॅश (पेशीत एकच बिट ठेवणारी वेगवान जागा) म्हणून वापरली जाते. लिखाण आधी तिथे वेगाने होतं, ती भरली की वेग खाली येतो. ९८० प्रोच्या एक टीबी मॉडेलमध्ये ही कॅश ११४ जीबीपर्यंत आहे, त्यातली ६ जीबी कायमची, बाकीची मोकळ्या जागेतून घेतलेली. कॅशमध्ये लिहिताना सेकंदाला ५,००० एमबीपर्यंत वेग, ती संपल्यावर २,००० च्या आसपास, असं कंपनीच सांगते. ड्राइव्ह गच्च भरलेली असेल तर ही उसनी जागाच मिळत नाही. ताईंची ड्राइव्ह जवळजवळ काठोकाठ भरलेली होती.

म्हणून सकाळी कॅबिनेट उघडं ठेवून, टेबलफॅन समोर लावून मोठी फाइल लिहून बघितली. तापमान साठीत, तरी वेग पडला. हा कॅशचा भाग. यावर तांब्याचा हीटसिंक लावा नाहीतर चांदीचा, फरक शून्य. उपाय एवढाच, की जुने प्रकल्प हलवून पाव ड्राइव्ह तरी मोकळी ठेवायची.

संध्याकाळी कॅबिनेट बंद करून दुसरी चाचणी. आता फक्त वाचन. वाचताना एसएलसी कॅशचा संबंध येत नाही, त्यामुळे उष्णतेची परीक्षा वाचनाने घेतलेली चांगली. फिओ या चाचणीच्या प्रोग्रॅमने सलग मोठ्या ब्लॉकचं वाचन लावलं, शेजारी ग्राफिक्स कार्डाला रेंडरचं काम दिलं. दुकानात ३६ अंश. सुरुवातीला सेकंदाला साडेसहा जीबीच्या घरात वेग, चार मिनिटांत तापमान ८२ ला टेकलं आणि वेग निम्म्याच्याही खाली आला. कार्डाचं काम थांबवलं, तापमान उतरलं, वेग पुन्हा वर. म्हणजे उष्णता आहेच.

दोन दुखणी एकत्र होती. हीटसिंक त्यातल्या एकावरच चालणार, हे ताईंना स्पष्ट सांगितलं आहे.

११ एप्रिल, शुक्रवार

जागा मापली. हीटसिंक निवडताना लोक आधी फोटो बघतात, मी आधी फट बघतो.

एम.२ २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब, हे सगळ्यांना ठाऊक असतं. उंचीचं कुणी बघत नाही. ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असताना त्याच्या पोटाखाली पट्टी घालता येत नाही, व्हर्नियरही जात नाही. माझी पद्धत जुन्या एटीएम कार्डांची. एक कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड असतं, जगभर तेच माप. मशीन बंद, वायर काढलेली, आणि एसएसडीच्या पाठीवर कार्डांची चळत एकेक वाढवत न्यायची. चौदा कार्डं सहज सरकली, पंधरावं अडकलं. म्हणजे साडेदहा मिलिमीटरच्या वर थोडी फट. ग्राफिक्स कार्डाच्या पंख्याला हवा हवी आणि हीटसिंकच्या पात्यांवरूनही ती जायला हवी, म्हणून दोन-अडीच मिलिमीटर सोडायचे. हाती उरले आठ.

आठ हा आकडा खरेदीला सोयीचा आहे. सोनीच्या पीएस-५ या गेम कन्सोलमध्ये एसएसडीसाठी बोर्डाच्या वरच्या बाजूला ८ मिलिमीटर, खालच्या बाजूला २.४५ मिलिमीटर आणि रुंदीला २५ मिलिमीटरची मर्यादा आहे. त्यामुळे पीएस-५ मध्ये बसणारा म्हणून विकला जाणारा हीटसिंक ताईंच्या मशीनमध्येही बसणार. दुकानदाराला उंची विचारली तर तो फोटोवरून सांगतो, पीएस-५ चा म्हटलं की बरोबर वस्तू काढून देतो.

उष्णतेच्या नळ्या आणि छोटा पंखा असलेला उंच मनोरा इथे बाद. तसे मनोरे जेन-५ च्या (पीसीआय एक्सप्रेस जोडणीच्या पाचव्या पिढीच्या) ड्राइव्हना शोभतात, त्यातल्या सुरुवातीच्या काही तर दहा वॅटच्या पुढे जातात आणि हीटसिंकशिवाय वापरूच नका असं त्यांचे उत्पादक सांगतात. शिवाय तो बोटाएवढा पंखा वर्षभरात घरघरायला लागतो. आपल्याकडच्या धुळीत तर लवकरच.

१३ एप्रिल, रविवार

दुकान बंद. घरी वहीत हिशेब केला.

दुकानातल्या पोराचा आग्रह तांब्याचा: "दादा, तांबं डबल भारी ना?" उष्णता वाहून नेण्यात तांबं ॲल्युमिनियमच्या जवळपास दुप्पट आहे, हे खरं. पण बोटभर लांबीच्या पट्टीत धातूच्या आतला अडथळा फारसा नसतोच. अडथळा दोन ठिकाणी असतो: चिप आणि धातू यांच्यामधल्या उष्णता वाहणाऱ्या मऊ पॅडमध्ये, आणि धातू व हवा यांच्यामध्ये.

आधी साठवणीचा हिशेब. तीस ग्रॅम ॲल्युमिनियम एक अंश तापायला २७ ज्यूल लागतात. ड्राइव्ह सलग कामात साधारण सहा वॅट टाकते. म्हणजे हवेला काहीच दिलं नाही तर साडेचार सेकंदाला एक अंश, आणि ४५ वरून ८० ला जायला अडीच-पावणेतीन मिनिटं. त्याच मापाची तांब्याची पट्टी घेतली तर ती सुमारे ४० टक्के जास्त उष्णता साठवेल, पण वजन तिपटीच्या वर जाईल. मिनिटभराची कॉपी असेल तर ही साठवण पुरते. ताईंचं काम तासाचं आहे. जाड तवा उशिरा तापतो, पण चूल पेटती राहिली की तापतोच. तासाच्या कामाला वजन उपयोगाचं नाही, पृष्ठभाग आणि हवा लागते.

आता हवेचा हिशेब. आठ मिलिमीटर उंचीत बसणाऱ्या पात्यांच्या हीटसिंकचं एकूण क्षेत्रफळ मी ७० चौरस सेंटिमीटर धरलं. स्थिर हवा दर चौरस मीटरला एका अंशामागे ५ ते १० वॅट नेते. त्या हिशेबाने सहा वॅट बाहेर काढायला शंभर अंशांचा फरक लागेल, म्हणजे काम जमतच नाही, बोर्डातून आणि स्क्रूतून थोडी उष्णता निघून जाते म्हणून बिचारी ड्राइव्ह तग धरते. पंख्याची हवा फिरती ठेवली आणि तोच आकडा ३० वर गेला, तर २८-२९ अंशांच्या फरकात काम होतं. हवा फिरली नाही तर हजार रुपयांचा हीटसिंकही थोडा वेळ विकत घेतो, बस्स.

हा हिशेब ज्याने एकदा मांडला तो परत तांबं की ॲल्युमिनियम या वादात पडणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

१५ एप्रिल, मंगळवार

पुण्याहून कुरिअर आलं. घेतलेला हीटसिंक: काळा ॲल्युमिनियम, ७.५ मिलिमीटर उंच, पाती लांबीच्या दिशेने, खाली पातळ पत्रा आणि बाजूने चार बारीक स्क्रू. रबरी कड्यांवाले स्वस्तात मिळत होते, ते घेतले नाहीत. सांगलीच्या उन्हाळ्यात, त्यातही गरम ड्राइव्हभोवती, रबर सैल पडतं. मग पॅडवरचा दाब जातो आणि हीटसिंक फक्त शोभेला उरतो.

पात्यांची दिशाही बघून घेतली. या कॅबिनेटमध्ये हवा पुढून मागे जाते, आणि एम.२ स्लॉटही पुढे-मागे असाच आडवा आहे. म्हणून लांबीची पाती बरोबर. रुंदीच्या दिशेची पाती असती तर झोत पहिल्याच पात्याला अडला असता.

बसवताना पॅडचा विचार सगळ्यात जास्त केला. सोबत दीड, एक आणि अर्धा मिलिमीटर असे तीन पॅड होते. बारा मिलिमीटर बाजूची कंट्रोलर चिप (ड्राइव्हचा कारभार चालवणारी) धरली, पॅडची वाहकता ३ (वॅट प्रति मीटर-अंश) धरली आणि त्यातून पाच वॅट जातात असं मानलं, तर एक मिलिमीटर पॅडमध्येच साडेअकरा अंश अडकतात. अर्ध्या मिलिमीटरमध्ये त्याच्या निम्मे. म्हणजे पॅड अर्ध्याने पातळ करणं हे दुप्पट वाहकतेचा महागडा पॅड घेण्याइतकंच आहे, आणि जाडी आपल्याला मोजता येते, पाकिटावर छापलेली वाहकता नाही.

पण पातळ पॅड सगळ्या चिप्सना टेकला पाहिजे. कंट्रोलर आणि मेमरीच्या चिप्स एका उंचीच्या नसतात. अर्ध्या मिलिमीटरचा पॅड ठेवून हीटसिंक दाबला, उचलला आणि पॅडवरचे ठसे बघितले. मेमरीचे ठसे ठसठशीत, कंट्रोलरचा एका कोपऱ्यात पुसट. मग एक मिलिमीटरचा लावला, तेव्हा सगळे ठसे सारखे उमटले. तोच ठेवला. कंट्रोलर ही सगळ्यात तापणारी चिप, तिचा ठसा पुसट राहणं परवडत नाही.

ही ड्राइव्ह एका बाजूचीच आहे, मागे चिप नाही. मागच्या बाजूला तरीही पातळ पॅड ठेवला, उष्णतेसाठी नाही, आधारासाठी. बोर्ड फक्त ०.८ मिलिमीटर जाड असतो. खाली पोकळी ठेवून वरून स्क्रू आवळले की तो वाकतो, आणि खाली जास्त जाड पॅड ठेवला तरी उलटा वाकतो. स्क्रू तिरपे-तिरपे, थोडे-थोडे आवळायचे, आणि बोर्डाच्या कडेकडे डोळा लावून रेघ सरळ आहे का ते बघायचं.

ड्राइव्हवरचं लेबल सोललं नाही. ९८० प्रोच्या लेबलमागे तांब्याचा पातळ थर आहे, तो उष्णता पसरवतो. शिवाय लेबल गेलं की वॉरंटीवर पाणी. पोराने मात्र सोलायला नख लावलंच होतं, वेळेत थांबवलं. दुसरीकडे, पॅडच्या दोन्ही बाजूंची प्लॅस्टिकची झिल्ली काढलीच पाहिजे. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये ही झिल्ली तशीच राहिलेली मी बघितलेली आहे. विकणाऱ्याने चमचमता हीटसिंक लावून दिलेला, आणि मधे प्लॅस्टिक.

१७ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळची तीच वाचन चाचणी, तीच खोली, ३६-३७ अंश, ग्राफिक्स कार्ड कामात.

फक्त हीटसिंक, बाकी सगळं जसंच्या तसं: ८२ ला पोचायला चारऐवजी नऊ मिनिटं लागली. पण पोचलंच. वहीतला हिशेब डोळ्यांसमोर खरा झाला.

मग कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, खालच्या जागी १२० मिलिमीटरचा पंखा लावला. आधी तिथे पंखाच नव्हता, वरचा एकटाच प्रोसेसरकडे फुंकत होता. आता तापमान ७१ वर जाऊन थांबलं आणि तिथेच राहिलं. वेग पडला नाही.

इथेच काम संपवता आलं असतं. पण ७१ हा आकडा एप्रिलचा, आणि ताईंची खोली स्लॅबखालची आहे. मे महिन्यात ती आणखी तापणार.

२० एप्रिल, रविवार

अर्धा दिवस दुकान उघडलं, या एकाच कामासाठी.

बोर्डावर तळाला आणखी एक एम.२ स्लॉट आहे, ग्राफिक्स कार्डाच्या सावलीबाहेर. तो थेट प्रोसेसरला न जाता चिपसेटमार्गे (बोर्डावरच्या मदतनीस चिपमधून) जातो, पण या बोर्डावर त्यालाही जेन-४ च्या चारही लेन (डेटाच्या वाटा) आहेत. अडचण एवढीच, की तो वापरला की साटाची (हार्ड डिस्क जोडायची) पाचवं आणि सहावं पोर्टं बंद होतात, आणि ताईंच्या दोन हार्ड डिस्क नेमक्या तिथेच लावलेल्या. मॅन्युअल नीट वाचून त्या पहिल्या-दुसऱ्या पोर्टवर घेतल्या. बोर्ड बदलला की हा नियम बदलतो, त्यामुळे मॅन्युअलला पर्याय नाही.

तळाच्या स्लॉटमध्ये, पंखा चालू, हीटसिंकसह: ६२ अंशांवर स्थिर.

मग मुद्दाम हीटसिंक काढून तीच चाचणी घेतली: ७४. हे करायचं कारण असं, की जागा बदलल्याचा आणि पंख्याचा फायदा हीटसिंकच्या नावावर जमा होऊ नये. बारा अंश हीटसिंकचे, बाकीचे फुकटचे. कोणी मला विचारलं की आधी काय करू, तर मी जागा, मग हवा, मग धातू, असंच सांगेन. फुकट होतंय ते आधी करा.

तळाच्या स्लॉटवर उंचीला भरपूर मोकळीक आहे, मोठा हीटसिंक बसला असता. घेतला नाही. ६२ पुरे आहेत. फ्लॅश मेमरीला बर्फात ठेवायची गरज नसते, लिहिताना ती थोडी उबदार असलेली चालते. कंट्रोलर इशाऱ्याच्या पातळीपासून लांब ठेवणं एवढंच आपलं काम.

२४ एप्रिल, गुरुवार

मशीन स्टुडिओत बसवून आलो. कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवलेलं होतं, वीतभर पुढे ओढलं.

तिथे दुसरी गोष्ट दिसली आणि ती मला जास्त लागली. ताई जुन्या लग्नांचे प्रकल्प दोन एसएसडींवर भरून लोखंडी कपाटात ठेवतात, स्लॅबखाली, वर्षानुवर्षं, वीज न जोडता. चालू ड्राइव्हच्या तापमानाची सगळ्यांना काळजी, बंद ड्राइव्हची कोणालाच नाही. मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या मानकात घरगुती वर्गातल्या एसएसडीने, तिचं लेखनाचं आयुष्य पूर्ण संपल्यावरही, वीज न देता ३० अंशांत एक वर्ष डेटा धरावा अशी अपेक्षा आहे. नवी ड्राइव्ह त्याहून बरीच जास्त टिकते, पण साठवणीची जागा जितकी गरम, तितका विद्युतभार लवकर झिरपतो. कपाटातल्या उन्हाळ्याला हीटसिंक नाही. लोकांच्या लग्नाचे एकमेव व्हिडिओ तिथे ठेवू नका, हार्ड डिस्कवर दोन प्रती करा, एक घरी ठेवा, असं बसून समजावलं. २०१९ च्या महापुरात गावभागातल्या किती जणांचे अल्बम पाण्यात गेले ते ताईंनीच मला सांगितलं होतं, त्यामुळे दुसरी प्रत दुसऱ्या जागी हे त्यांना लगेच पटलं. विश्रामबागेत त्यांच्या बहिणीकडे ठेवणार आहेत.

२८ एप्रिल, सोमवार

ताईंचा भाऊ स्वतःचा लॅपटॉप घेऊन आला. त्यालाही "तसलाच" हीटसिंक हवा. खालचं झाकण उघडून ड्राइव्हवर कापसासारखी मऊ माती ठेवली आणि झाकण दाबलं: दीड मिलिमीटरच्या आत जागा. इथे पात्यांचा हीटसिंक बसणार नाही, जबरदस्तीने बसवला तर झाकण फुगेल आणि बोर्ड वाकेल. एक मिलिमीटरचा पॅड ठेवून उष्णता झाकणाच्या पत्र्यात सोडता येते, पण मांडीवर ठेवून काम करणाऱ्याला ते चटके बसतात. त्याचं काम बिलं आणि फोटो निवडण्याचं, तापमान ५५ च्या वर जात नाही. काहीही लावलं नाही. त्याच्या जुन्या पीसीतल्या अडीच इंची साटा एसएसडीबद्दलही विचारत होता. ती सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या फारशी वर जातच नाही, हीटसिंकची गरज नाही.

३ मे, शनिवार

अक्षय्य तृतीयेची कार्यं उरकल्यावर स्टुडिओत जाऊन नोंदी काढल्या. ३० तारखेच्या रात्री मशीन सलग चाललं: कॅमेऱ्याची कार्डं रिकामी करणं, प्रॉक्सी (एडिटिंगसाठी फुटेजच्या हलक्या प्रती) बनवणं आणि बॅकअप, सगळं एकाच वेळी. कमाल तापमान ६७. इशाऱ्याच्या वरच्या मिनिटांचा आकडा मशीन स्टुडिओत बसवलं तेव्हा होता तिथेच आहे. ड्राइव्हवर ३०० जीबी मोकळी, त्यामुळे कॅशचीही तक्रार नाही.

पुढच्या पंख्याच्या जाळीवर दहा दिवसांतच धूळ धरली आहे. ब्रश देऊन ठेवला, पंधरा दिवसांनी झाडायला सांगितलं. जून उजाडायच्या आत एकदा हीटसिंक उतरवून पॅडची कड बघायची आहे: तेल सुटून बोर्डावर उतरलं असेल तर पॅड बदलणार, नाहीतर हात लावणार नाही.